गावच्या जुन्या वास्तू आणि जुने व्यवसाय : वाईचा पाठ

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात परिसर अभ्यासाच्या अध्यापनाविषयी चार शब्द बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली आहे. हा विषय प्राथमिक वर्गांच्या वेळापत्रकात आहे, त्याची पुस्तकेही मुलांच्या हाती आहेत. तथापि ज्या परिसराचा अभ्यास करावयाचा, तो वर्गाच्या दाराबाहेर तसाच उभा राहतो आणि आपण मात्र चार भिंतींच्या आत बसून त्याची प्रश्नोत्तरे लिहून घेतो, असे शाळा-तपासणीच्या वेळी अनेकदा आढळते. ताजमहाल कोणी बांधला, हे आपला विद्यार्थी चटकन सांगतो. ज्या देवळाच्या पायऱ्यांवर तो रोज खेळतो ते कोणी, केव्हा आणि कशाने बांधले, असे विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहतो. दोष त्या मुलाचा नाही. त्याला ते कोणी विचारलेलेच नसते.

यास्तव आज एकच उदाहरण घेऊन थोडे विस्ताराने बोलावे, असे मी योजिले आहे. ते उदाहरण आपल्याच तालुक्याच्या गावाचे, वाईचे आहे. सन २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे लहानसे गाव. पण येथील दगड, लाकूड, कागद आणि हळद या चार वस्तूंच्या आधाराने अडीच-तीन शतकांचा इतिहास मुलांपुढे उभा करता येतो.

प्रारंभी एक पथ्य सांगतो. वाई म्हणजेच महाभारतातील विराटनगरी, अशी परंपरागत समजूत आहे. मुलांना ती अवश्य सांगावी, कारण लोकसमजूत हीदेखील गावाची एक ठेव असते. मात्र ती समजूत आहे, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. याच्या उलट, गावाच्या उत्तरेस लोहारे येथे डोंगरात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत, ती आज पालपेश्वराची म्हणून ओळखली जातात. हा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा होय. आदिलशाहीच्या काळी वाई हे सुभ्याचे ठिकाण होते आणि इ. स. १६५९ मध्ये अफजलखान येथेच तळ देऊन पुढे प्रतापगडाकडे गेला, ही नोंदलेली घटना होय. समजूत, पुरावा आणि नोंद यांतील भेद ज्या मुलास चौथीत कळला, त्यास इतिहास कळू लागला असे खुशाल समजावे.

आता वास्तूंकडे वळू. वाईच्या आजच्या रूपावर सर्वांत मोठी छाप आहे ती रास्ते घराण्याची. या घराण्यातील भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. या नात्यामुळे घराण्यास वैभव प्राप्त झाले आणि त्या वैभवाचा मोठा भाग कृष्णाकाठी दगडांत उतरला. काशीविश्वेश्वराचे मंदिर आनंदराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७५७ मध्ये बांधविले. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७६२ मध्ये उभारले. १७६२ हे साल फळ्यावर लिहून मुलांना विचारावे की, त्याच्या आदल्या वर्षी काय घडले होते? पानिपत. मराठी मुलखातील असंख्य घरांवर शोककळा पसरली होती, त्याच्या दुसऱ्याच वर्षी कृष्णेच्या काठी हे मंदिर पुरे झाले. दोन साले शेजारी-शेजारी ठेवली की मुलांची जिज्ञासा आपोआप चाळवते.

ढोल्या गणपतीची मूर्ती एकाच दगडातून घडविलेली असून सुमारे दहा फूट उंचीची आहे. भाविक मूर्तीपुढे हात जोडून परत फिरतात, ते योग्यच आहे. शिक्षकाने मात्र मुलांना देवळाच्या मागील बाजूस न्यावे. तेथील भिंत इतर देवळांच्या भिंतीसारखी सपाट नाही; ती माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे त्याचा लोंढा या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी ही योजना. हा विज्ञानाचा पाठ आहे. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात एक वीट आडवी ठेवावी आणि दुसरी कोपरा पुढे करून ठेवावी. कोणत्या विटेवर पाणी अधिक आदळते ते मुले स्वतःच सांगतील. त्या अनाम गवंड्याने जे जाणले होते, ते मुलांना दहा मिनिटांत समजेल आणि जन्मभर लक्षात राहील.

मी 'अनाम गवंडी' असे म्हटले, ते हेतुपुरस्सर. बांधविणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, बांधणाऱ्याचे नसते. म्हणून इमारतीपुढे उभे राहून मुलांना दुसराही प्रश्न विचारावा : हे उभे करण्यास कोणकोणते हात लागले असतील? खाणीतून काळा दगड फोडणारा वडार, त्याला आकार देणारा पाथरवट, दगड वाहून आणणारा गाडीवान, चुनखडी भाजणारा, बैल जुंपून चुन्याची घाणी फिरविणारा, चुना व वाळू कालवणाऱ्या मजूर स्त्रिया, पाडाची लाकडे बांधणारा सुतार, छिन्न्यांना रोज नवी धार लावून देणारा लोहार आणि या सर्वांना धान्य पुरविणारा वाणी. एका देवळाच्या पोटात निदान दहा व्यवसाय दडलेले असतात. वास्तू आणि व्यवसाय हे दोन वेगळे धडे नव्हेत, असे माझे म्हणणे आहे ते याच अर्थाने.

देवळांपुढे घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशी घाटांची व त्यांना लागून असलेल्या वस्त्यांची नावे. माघापासून पुढे क्रमाक्रमाने प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला माता मानून तिचा उत्सव करणारे गाव नदी स्वच्छ ठेवते काय, हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना गप्प करू नये. तो प्रश्न त्यांनी विचारावा, यासाठीच आपण त्यांना घाटावर नेतो.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. जुन्या वास्तूंचे वर्णन करताना आपली भाषा सहज गौरवाची होते. परंतु महाराष्ट्रातील गावोगावची देवळे, पाणवठे आणि घाट पिढ्यान् पिढ्या सर्वांना खुले नव्हते. ज्यांच्या घामाने दगड फुटले, त्यांतील कित्येकांना त्याच दगडांच्या पायऱ्या चढण्याची मनाई होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू व्हावा लागला तो यामुळेच. हा भाग वगळून वास्तूंचा इतिहास सांगितला, तर वर्गातील काही मुलांना तो आपला वाटेल आणि काहींना तो परका वाटेल. शिक्षकाला असा अर्धा इतिहास सांगण्याचा अधिकार नाही.

वाईपासून सुमारे दोन मैलांवर मेणवली. हे गाव इ. स. १७६८ मध्ये नाना फडणीस यांना मिळाले व तेथे त्यांनी वाडा, घाट आणि मेणेश्वराचे मंदिर बांधले. आपल्या मुलांनी हा घाट चित्रपटांतून पाहिलेला असतो. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाले आहे. वाडा सहा चौकांचा आहे. पहिल्या चौकात कोणास प्रवेश असेल, आतल्या चौकात कोणास, स्त्रियांचा वावर कोठवर, कारकुनांची बैठक कोठे, याचा विचार मुलांकडून करवून घेतल्यास त्या काळची समाजरचना चौकाचौकांतून उलगडत जाते. भिंतींची जाडी वितीने मोजावयास सांगावी. उन्हाळ्यात आत गारवा का वाटतो, याचे उत्तर त्या मोजणीतच सापडेल.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी धातूची घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून मेरीमाता व बाल येशू यांची आकृती आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयानंतर ज्या घंटा महाराष्ट्रातील देवस्थानांत आल्या त्यांपैकी ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात व भीमाशंकर येथेही अशा घंटा आहेत. एका धर्माच्या प्रार्थनामंदिरासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या मंदिराजवळ टांगली गेली. मुलांना यातून विजयाचा आनंद सांगता येईल, परंतु तेवढ्यावर थांबू नये. ज्यांच्या गावातून ती घंटा गेली, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, हेही विचारावे. शत्रूच्याही घरी मुलेबाळे असतात, एवढे ज्ञान इतिहासाच्या तासाला मिळाले तर तो तास सत्कारणी लागला असे म्हणावे.

वाड्यापेक्षाही मोलाची एक वस्तू मेणवलीत होती, ती म्हणजे नाना फडणिसांचे दप्तर. हजारो कागदांचा हा संग्रह इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्याकडे आला. पारसनीस १९२६ साली निवर्तले आणि साताऱ्यातील त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पेशवाईच्या उत्तरार्धाचा अभ्यास करणारास आजही या कागदांकडे जावे लागते. वाड्यातील माणसे गेली, सत्ता गेली. जपलेला कागद मात्र राहिला. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता व्यवसायांकडे. वाईच्या पेठेचा पिढ्यान् पिढ्यांचा माल म्हणजे हळद आणि गूळ. हळदीचा व्यवसाय प्राथमिक शाळेस फार सोयीचा आहे, कारण त्याची प्रत्येक पायरी मुलांना पाहता येते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण, आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणी, मग जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे यांची निवड. त्यानंतर काहिलीत हळद शिजविणे. शिजली की नाही हे पाहण्यासाठी जुने शेतकरी गवताची काडी हळकुंडात खुपसून पाहत. ती सहज आत गेली की जाळ ओढीत. मग बारा-पंधरा दिवसांचे ऊन. नीट वाळलेले हळकुंड मोडताना 'खट्' असा आवाज येतो. शेवटी घासून झिलई. पूर्वी हे काम पायांना गोणपाट बांधून होत असे, पुढे फिरती पिंपे आली. ओली हळद पाच भाग घेतली तर वाळून साधारण एक भाग उरते. या एकाच वाक्यावर तिसरी-चौथीच्या वर्गात गुणाकार-भागाकाराची वीस उदाहरणे रचता येतील, आणि ती उदाहरणे मुलांच्या घरची असतील. पुढे पेठेत आडत्या, मापाडी, हमाल आणि वखारवाला यांचा संबंध येतो. ज्या मुलाचे वडील हमाली करतात, त्याला वर्गात उभे करून पोत्याचे वजन आणि पाठीवर पोते घेण्याची रीत सांगावयास लावावे. त्या दिवशी तो मुलगा गुरुजींचा गुरुजी होईल.

वाईच्या पेठेला दुसरा आधार होता तो रस्त्याचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, इ. स. १८२९ मध्ये, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून इंग्रजांनी महाबळेश्वर घेतले आणि त्याच्या मोबदल्यात खंडाळा हे गाव दिले. हे खंडाळा म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्याचे ठाणे, बोरघाटातील नव्हे. महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी ही थंड हवेची ठिकाणे वसली, तशी पसरणीच्या घाटाची चढण सुरू करण्यापूर्वी थांबण्याचे गाव म्हणून वाईचे महत्त्व वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याकडून दक्षिणेस लोहमार्ग गेला, तेव्हा वाई व महाबळेश्वर येथे जाणारे उतारू वाठार स्टेशनावर उतरू लागले. गाडीवान, टांगेवाले, नालबंद, खाणावळवाले यांची पोटे या रहदारीवर भरत. मोटार आली आणि त्यांतील काही धंदे एका पिढीत नाहीसे झाले. घाटाच्या पायथ्याच्या पसरणी गावी १९२३ साली शाहीर साबळे यांचा जन्म झाला, हेही मुलांना या रस्त्यावरून जाताना सांगावे.

विसाव्या शतकात वाईने आणखी एक व्यवसाय जोपासला, तो विद्येचा व छपाईचा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांच्या प्रेरणेने १९१६ साली प्राज्ञपाठशाळा मंडळ स्थापन झाले. आचार्य विनोबा भावे यांनी १९१७ च्या सुमारास येथे येऊन अध्ययन केले. 'धर्मकोशा'चे प्रचंड काम येथे हाती घेतले गेले व त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. याच पाठशाळेत वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. घाटावरच्या जुन्या विद्येने घाटाबाहेरच्या समाजाकडे पाहावयास आरंभ केला होता, याची ही खूण होय. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थांकडे आले आणि त्याचे कार्यालय मुंबई-पुण्यात न होता वाईस झाले. १९७६ साली पहिला खंड निघाला. पुढे वीस खंड झाले. विश्वकोशाबरोबर शासकीय मुद्रणालयही येथे आले. खिळे जुळविणारे, मुद्रिते तपासणारे, कागद मोजणारे, पुस्तक बांधणारे असे कितीतरी कुशल हात या गावात तयार झाले. आपल्या शाळेच्या कपाटात विश्वकोशाचे खंड असतील तर ते कुलपातून बाहेर काढा. ते आपल्या गावचे उत्पादन आहे, हळदीइतकेच.

बंधु-भगिनींनो, हे सारे आजच सांगण्याचे कारण काय? कारण असे की, ही पुस्तके मिटत चालली आहेत. घाट आणि मोठी देवळे राहतील. त्यांच्याकडे भाविकांचे व प्रवाशांचे लक्ष आहे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतील लहान वाडे, चावड्या, बारवा, धान्याच्या वखारी, चुन्याच्या घाण्या, गुऱ्हाळांची जुनी घरे यांचा वाली कोणी नाही. वारसांत वाटण्या होतात, डागडुजी परवडत नाही आणि एके दिवशी तुळया विकल्या जातात. घरमालकास दोष देणे सोपे आहे. गळक्या छपराखाली त्याला राहावयाचे असते, आपल्याला नाही. सर्व जुने वाचविणे आपल्या हाती नाही. परंतु जे जाणार आहे त्याची नोंद करणे, एवढे प्राथमिक शिक्षकाच्या हाती निश्चित आहे.

यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक शाळेने या वर्षात कराव्यात, अशी माझी सूचना आहे.

पहिली : गावातील पन्नास वर्षांहून जुन्या वास्तूंची यादी चौथी व पुढील वर्गांतील मुलांकडून करवून घ्यावी. वास्तूचे नाव, सध्याचा उपयोग, बांधकामाचे साहित्य आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव एवढे चारच रकाने असावेत. साल ठाऊक नसेल तर रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरू नये.

दुसरी : गावातील सत्तरी ओलांडलेल्या किमान पाच स्त्री-पुरुषांना शाळेत बोलवावे किंवा मुलांनी त्यांच्या घरी जावे. त्यांनी केलेला व्यवसाय, त्याची हत्यारे आणि त्या हत्यारांची नावे लिहून घ्यावीत. कुंभार, लोहार, बुरूड, वडार, शेतमजूर, सुईण यांना वगळून ही यादी पुरी झाली असे मानू नये. शब्द जसे उच्चारले जातील तसेच लिहावेत. त्यांना पुस्तकी करू नये.

तिसरी : वास्तूस भेट देण्यापूर्वी मालकाची अनुमती घ्यावी. पडक्या भिंतीजवळ, उघड्या विहिरीजवळ व नदीच्या पात्रात मुलांना नेऊ नये. भिंतीवर नाव कोरणारा विद्यार्थी आढळल्यास त्याला शिक्षा करण्याऐवजी त्या भिंतीची माहिती परिपाठाच्या वेळी सांगण्याचे काम द्यावे.

चौथी : आपल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढून, झटकून, वाळवी लागली नाही ना, हे पाहावे. हे वाक्य मी विशेष भर देऊन उच्चारीत आहे. मेणवलीचे दप्तर जपले गेले म्हणून पेशवाई अभ्यासता आली, हे आपण पाहिले. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. ती शाळा म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल आणि ते नाव भिवा रामजी आंबेडकर. त्या एका ओळीमुळे तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद करणाऱ्या कारकुनास आपण काय लिहीत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले आणि शाळेने वही जपली, एवढेच. आपल्या शाळेच्या वहीत कोणाची नावे आहेत, हे आपल्यालाही आज ठाऊक नाही. ज्या जुन्या वह्यांत पालकांच्या व्यवसायाचा रकाना आहे, त्या वह्या म्हणजे तर गावच्या व्यवसायांचा तयार इतिहास होय. मूळ वही मुलांच्या हाताळणीत देऊ नये. मुख्याध्यापकांनी स्वतः पाहून, कोणा कुटुंबाचा खाजगी तपशील उघड न करता, व्यवसायांची संख्या तेवढी काढून द्यावी.

पाचवी व शेवटची : हे काम प्रदर्शनासाठी करू नये. रंगीत तक्ते करण्यात मुलांचा आणि आपला फार वेळ जातो. साध्या शंभर पानी वहीत शाईने लिहावे, वहीवर गावाचे नाव व वर्ष घालावे आणि बदली होऊन जाताना नव्या शिक्षकास ती कार्यभाराच्या यादीत लिहून द्यावी. म्हणजे काम माणसाबरोबर जाणार नाही, शाळेपाशी राहील.

कित्येक शिक्षक म्हणतील, आमचे गाव वाईसारखे नाही; आमच्याकडे ना रास्ते झाले, ना फडणीस. मी त्यांना एवढेच म्हणेन की, ज्या गावात एक विहीर, एक पार आणि एक लोहाराचा भाता आहे, त्या गावास इतिहास आहे. विहीर खणणारे, पार बांधणारे आणि भाता ओढणारे कोण, हे सांगणारे म्हातारे आज ओसरीवर बसलेले आहेत. ते फार वर्षे बसून राहणार नाहीत. पुढील तपासणीस मी येईन तेव्हा आपल्या कपाटातील ती शंभर पानी वही मी प्रथम मागेन, आणि तिच्यात दहा पाने जरी भरलेली दिसली तरी मला समाधान होईल.